ओपॅसिटी नेमकी कशी वापरायची: फोटोवरचा मजकूर, पत्रिका, वॉटरमार्क आणि आधार कार्डाची प्रत

फोटोवर टाकलेलं नाव वाचता येत नाही. पत्रिकेतला पुसट गणपती स्क्रीनवर सुरेख दिसतो आणि छापून आल्यावर एकतर गायब असतो, नाहीतर मजकुरावर चढून बसलेला असतो. पारदर्शक म्हणून पाठवलेल्या लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. आधार कार्डावरचा क्रमांक काळा करून पाठवला तरी समोरचा तो वाचू शकतो. तक्रारी चार, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं: स्लायडर आधी ओढला जातो आणि विचार नंतर होतो. ओपॅसिटीचा आकडा हे शेवटच्या काही कामांपैकी एक आहे.

ओपॅसिटी म्हणजे वरचा थर (सॉफ्टवेअरच्या भाषेत लेअर) खालच्याला किती झाकतो याचं माप. १०० म्हणजे खालचं काहीच दिसत नाही. ० म्हणजे थर जागेवर आहे, पण दिसत नाही. मधला कुठलाही आकडा म्हणजे दोन्हींचं मिश्रण: ७० असेल तर ७० हिस्से वरचा रंग आणि ३० हिस्से खालचा. त्यामुळे खाली काय आहे हे ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ३० टक्क्यांवर ठेवलेला लाल पांढऱ्यावर गुलाबी दिसतो, पिवळ्यावर नारिंगीकडे झुकतो आणि काळ्यावर गडद मरून होतो. आकडा तोच, दिसणं तीन प्रकारचं.

पुढचे टप्पे फोटोशॉप समोर ठेवून लिहिले आहेत. बाकी सॉफ्टवेअरमध्ये जिथे गोष्ट उलटते, तिथे तसं सांगितलं आहे.

१. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा कुठल्या बाजूने चालतो ते बघा

फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, गिंप यांत ‘ओपॅसिटी’ असते आणि १०० म्हणजे पूर्ण झाकलेलं. कोरलड्रॉ, वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये ‘ट्रान्स्परन्सी’ असते आणि तिथे ० म्हणजे पूर्ण झाकलेलं. म्हणजे फोटोशॉपमधला ३० आणि कोरलमधला ७० एकच. कॅनव्हाची तऱ्हा तिसरीच: स्लायडरचं नाव ट्रान्स्परन्सी, पण १०० वर चित्र पूर्ण दिसतं, म्हणजे चाल ओपॅसिटीची.

डिझायनर फोटोशॉपवाला आणि फ्लेक्सवाला कोरलवाला असला की इथेच गोंधळ होतो. फोनवर “बॅकग्राउंड ७० टक्के फिकट कर” असं सांगितलं तर दोघं दोन वेगळ्या गोष्टी करतात. “बॅकग्राउंड ३० टक्केच दिसू दे” असं सांगा. त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

तपासणी: नवीन सॉफ्टवेअरमध्ये आकडा ९० करून बघा. चित्र जेमतेम बदललं तर ती ओपॅसिटी. जवळजवळ नाहीसं झालं तर ट्रान्स्परन्सी.

२. स्लायडरला हात लावण्याआधीची तयारी

आधी फाइलचा अंतिम आकार ठरवा आणि फोटो त्याच्या जागी बसवून टाका. आकडा ठरल्यावर फोटो सरकवला की मजकुराखाली आकाशाच्या जागी कुणाची तरी पांढरी साडी येते आणि सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो.

मग कलर मोड. मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्टसाठी आरजीबी (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा), ऑफसेट छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाई). फ्लेक्ससाठी ज्यांच्याकडे छापणार आहात त्यांना विचारा. रंगांचं मिश्रण फाइलच्या मोडमध्येच होत असल्यामुळे सगळं काम झाल्यावर मोड बदलला की पारदर्शक भागांचे रंग बदलतात. मोड बदलताना फोटोशॉप लेअर एकत्र करायचे का असं विचारतं, ते याचसाठी.

प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर हवी: फोटो, त्यावरचा रंगाचा पडदा, मजकूर, लोगो. बॅकग्राउंड लेअरला कुलूप असतं आणि त्याची ओपॅसिटी बदलता येत नाही. त्यावर डबल क्लिक करून त्याला साधा लेअर बनवा. “स्लायडर चालतच नाही” या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सावधान: एखादा भाग फिकट करायचा म्हणून इरेजर फिरवू नका. लेअर मास्क वापरा. मास्कवर काळा रंग फिरवला की भाग लपतो आणि पांढरा फिरवला की परत येतो. इरेजरने गेलेलं फाइल बंद केल्यावर परत येत नाही.

३. नक्की कोणाला फिकट करायचंय?

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात. ‘फिकट कर’ या एकाच शब्दासाठी फोटोशॉपमध्ये निदान चार वेगळ्या जागा आहेत.

लेअरची ओपॅसिटी: लेअरवरचं सगळंच फिकट होतं, त्याला दिलेली सावली, बॉर्डर, चमक यांच्यासकट.

फिल: लेअरचा आतला रंग फिकट होतो, पण सावली आणि बॉर्डर पूर्ण राहतात. ‘शुभविवाह’ या अक्षरांना सोनेरी स्ट्रोक देऊन फिल ० केला की फक्त सोनेरी रेघेची अक्षरं उरतात आणि आतून मागचं डिझाइन दिसतं. हेच ओपॅसिटीने करायला गेलात तर सोनेरी रेघही जाईल. फोटोशॉपमधले आठ ब्लेंड मोड (वरचा रंग खालच्यात कसा मिसळायचा याच्या पद्धती), उदाहरणार्थ कलर बर्न, लिनिअर लाइट, हार्ड मिक्स, असे आहेत की त्यांत फिल ५० आणि ओपॅसिटी ५० यांचा परिणाम साध्या लेअरवरही वेगळा दिसतो. त्यांच्यासोबत काम करताना दोन्ही करून बघा.

ग्रुपची ओपॅसिटी: समजा, कमळाच्या पाकळ्या वेगवेगळ्या लेअरवर आहेत आणि एकमेकींवर थोड्या चढल्या आहेत. प्रत्येकीला ४० दिले तर जिथे दोन पाकळ्या एकमेकींवर येतात, तिथे झाकण ६४ टक्के होतं आणि गडद डाग दिसतात. सगळ्या पाकळ्या एका ग्रुपमध्ये टाका, आतली प्रत्येक पाकळी १०० ठेवा आणि ४० ग्रुपला द्या. सगळं कमळ एकसारखं फिकट होईल. डाग मुद्दाम हवे असतील, म्हणजे पाण्याच्या रंगाने काढल्यासारखं काही करायचं असेल, तर मात्र प्रत्येक पाकळीला वेगळा आकडा द्यायचा.

थरांचा हिशोब कळला की पुढची बरीच कोडी सुटतात. ५० चे दोन थर म्हणजे १०० नव्हे, ७५. पहिल्या थरानंतर खालचं निम्मं दिसत होतं, दुसऱ्याने त्या निम्म्याचं निम्मं झाकलं. तिसरा ५० टाकला तर ८७.५. कितीही थर चढवा, १०० होत नाही. शेवटच्या टप्प्यात आधार कार्डाच्या बाबतीत हा हिशोब पुन्हा लागणार आहे.

ब्रशची ओपॅसिटी: ही लेअरची नव्हे, रंग लावण्याच्या हाताची. ब्रश ३० वर आणि फ्लो (रंग किती भराभर उतरतो ते) १०० वर ठेवून माउस न सोडता कितीही घासलंत तरी रंग ३० च्या वर जात नाही. माउस सोडून परत फिरवला की तिथे ५१ होतो. फ्लो कमी केला तर मात्र त्याच फटक्यात रंग साचत जातो. फोटोतल्या चेहऱ्यावर सावकाश काम करायचं असेल तर ओपॅसिटी वर आणि फ्लो खाली ठेवणं सोयीचं पडतं. हे माझं मत. काही जण बरोबर उलटं करतात आणि त्यांचंही काम चांगलं होतं.

सावधान: कीबोर्डवरून आकडा देण्याची सोय चांगली आहे, पण हातात कुठलं टूल आहे ते बघा. मूव्ह टूल असताना ४ दाबला की लेअर ४० होतो, ४ आणि ५ झटपट दाबले की ४५, आणि ० दाबला की १००. ब्रश हातात असताना तेच आकडे ब्रशची ओपॅसिटी बदलतात. नंतर अर्धा तास “ब्रश नीट का लागत नाही” हे शोधण्यात जातो.

४. फोटोवर मजकूर: हा क्रम मोडू नका

पहिली आणि सर्रास होणारी चूक म्हणजे मजकूर वाचता यावा म्हणून फोटोचीच ओपॅसिटी कमी करणं. मागे पांढरं पान असतं, त्यामुळे सगळा फोटो धुतल्यासारखा होतो आणि ज्यांचा वाढदिवस आहे त्यांचाच चेहरा आजारी दिसतो. फोटोला हात लावायचा नाही. त्याच्यावर पडदा टाकायचा.

एक: फोटो १०० वर, अंतिम जागी.

दोन: मजकुराखालचा भाग गजबजलेला असेल, म्हणजे झाडाची पानं, गर्दी, नक्षी वगैरे, तर फोटोच्या प्रतीवर तेवढाच भाग ब्लर करा. गजबज ओपॅसिटीने जात नाही, फक्त मंद होते.

तीन: फोटोच्या वर आणि मजकुराच्या खाली नवा लेअर घेऊन त्यात गडद रंग भरा. निव्वळ काळ्यापेक्षा फोटोतलाच सगळ्यात गडद रंग उचलला तर पडदा उपरा वाटत नाही.

चार: मजकूर लिहा आणि तो १०० वरच ठेवा.

पाच: आता पडद्याची ओपॅसिटी ठरवा.

किती, हा नेहमीचा प्रश्न. वेबसाठीच्या सुलभतेच्या मानकांत साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ इतका उजेडाचा फरक मागितला आहे. मोठा म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असेल तर १४ पॉइंट. त्यावरून गणित केलं तर आकडे निघतात. पांढरा मजकूर आहे आणि खाली फोटो अगदी पांढराफटक आहे असं वाईटात वाईट धरलं, तर काळ्या पडद्याला साध्या मजकुरासाठी किमान ५४ आणि मोठ्या मथळ्यासाठी किमान ४२ ओपॅसिटी लागते. उलट, काळा मजकूर आणि खाली पूर्ण काळा फोटो असेल, तर पांढऱ्या पडद्याला साध्या मजकुरासाठी ४६ आणि मोठ्यासाठी ३५ पुरतात. हे आकडे आरजीबी स्क्रीनसाठी आहेत आणि मजकूर १०० वर आहे असं धरून काढले आहेत. पडद्याला काळ्याऐवजी गडद निळा किंवा मरून घेतला असेल तर आकडा थोडा वर न्यावा लागतो. फोटो मुळातच गडद असेल तर पडदा याहून हलका चालतो.

सहा: सगळ्या फोटोवर एवढा दाट पडदा नको असेल तर पडद्याला मास्क लावून त्यावर ग्रेडियंट ओढा. मजकुराच्या बाजूला दाट, चेहऱ्याकडे जाता जाता शून्य. वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही की तिथे पडदा आहे.

मजकुराची ओपॅसिटी कमी करण्याचा मोह होतो, कारण ८० टक्क्यांचा पांढरा “सॉफ्ट” दिसतो. देवनागरीत तो महागात पडतो. जाड उभा दांडा टिकतो, पण रफार, वेलांटीचं टोक आणि अनुस्वार मागच्या रंगात विरघळतात. पत्रिकेतल्या ‘चि. सौ. कां.’ मधला अनुस्वार आणि पूर्णविराम ही पहिली गिऱ्हाइकं. सौम्य रंग हवा असेल तर सरळ तसा रंग निवडा, क्रीम किंवा फिकट पिवळा, आणि ओपॅसिटी १०० ठेवा.

तपासणी: फाइल २५ टक्के झूमवर बघा. वर एक ब्लॅक अँड व्हाइट अॅडजस्टमेंट लेअर तात्पुरता टाका. रंग गेल्यावरही मजकूर वाचता आला पाहिजे. मग फोनवर पाठवून ब्राइटनेस निम्मा करून पाहा. तिन्ही ठिकाणी वाचता आलं तर पुढे जा.

५. छपाईचं काम असेल तर: आकडा, शाई आणि कागद

छपाईत ओपॅसिटीच्या आकड्याप्रमाणे शाई फिकट होत नाही. ३० टक्के काळा म्हणजे पूर्ण काळ्या शाईचे बारीक ठिपके, मध्ये पांढरा कागद. इथून तीन गोष्टी निघतात.

बारीक मजकुराला ओपॅसिटी देऊ नका. ८ पॉइंटचा ‘आपले नम्र’ ६० टक्क्यांवर ठेवला की अक्षरांच्या कडा ठिपक्यांच्या होतात आणि मात्रा तुटतात. खाली रंगीत पार्श्वभूमी असेल तर आणखी वाईट, कारण तो मजकूर चार शाईंत विभागला जातो आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला झालर येते.

पांढऱ्या कागदावर एकाच रंगाची फिकट छटा हवी असेल तर ओपॅसिटी वापरूच नका. त्या रंगाची टक्केवारीच कमी करा. १०० टक्के काळा घेऊन ३० ओपॅसिटी देण्यापेक्षा ३० टक्के काळा रंग भरा. दिसायला तेच, पण फाइलमध्ये पारदर्शकता नाही आणि प्रेसच्या संगणकाला डोकेदुखी नाही.

मागचा पुसट गणपती छापायचा असेल तर मी १० च्या खाली जात नाही आणि १८–२० च्या वर नेत नाही. स्क्रीनवर ६ टक्के छान दिसतं, कारण स्क्रीनला मागून उजेड आहे. कागदावर ते उडून जातं. चित्राभोवती पांढरा चौकोन राहिला असेल आणि फाइलमध्ये मागचा रंग क्रीम केला असेल, तर चित्राला मल्टिप्लाय मोड द्या, पांढरा निघून जातो. मजकुराचा लेअर नेहमी सगळ्यात वर. पारदर्शक वस्तूच्या खाली राहिलेला मजकूर फाइल सपाट होताना (म्हणजे सगळे थर एकत्र होताना) चित्रात बदलू शकतो आणि एकाच ओळीत काही अक्षरं जाड, काही बारीक दिसतात.

सोनेरी फॉइलला ओपॅसिटी नसते. गरम ठशाने फॉइल चिकटते किंवा चिकटत नाही, मधलं काही नाही. फॉइलची फाइल १०० टक्के काळ्यात, सावली आणि ग्रेडियंट काढून द्यायची. स्क्रीन प्रिंटिंगमध्येही फिकटपणा ठिपक्यांनीच आणावा लागतो, तेव्हा कारागिराला आधी विचारा.

पारदर्शक स्टिकरवर छापणार असाल तर आणखी एक. छपाईच्या चार शाई मुळातच पारदर्शक असतात, म्हणून तर निळसरावर पिवळी पडली की हिरवा होतो. काचेवरच्या स्टिकरवर त्या शाईखाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो नसेल तर गडद काचेवर लोगो दिसणारच नाही. फाइलमधली ओपॅसिटी १०० असली तरी.

छपाईच्या पीडीएफचे वेगवेगळे प्रकार असतात, म्हणून ती काढताना प्रेसला एकच प्रश्न विचारा: एक्स-१ए हवी की एक्स-४? एक्स-१ए मध्ये पारदर्शकता चालत नाही, सगळं आधीच सपाट करावं लागतं. एक्स-४ मध्ये ती तशीच राहते. सपाट केलेल्या फाइलमध्ये स्क्रीनवर बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. झूम वाढवा. रेघ तेवढीच बारीक राहिली तर ती फक्त स्क्रीनची आहे. झूमबरोबर रेघही जाड झाली तर ती छापली जाणार.

आता कागदाची स्वतःची ओपॅसिटी, जिच्याबद्दल कुणी विचारत नाही. स्मरणिका दोन्ही बाजूंनी छापायची आणि पैसे वाचवायला पातळ कागद घ्यायचा, मग मागच्या जाहिरातीतला काळा पट्टा पुढच्या मनोगतात डोकावतो. कागदाची ओपॅसिटी टक्क्यांत मोजतात: एकच कागद काळ्या पृष्ठभागावर ठेवून किती उजेड परततो, आणि त्याच कागदाचा गठ्ठा ठेवून किती परततो, यांचं गुणोत्तर. मोजायचं यंत्र नसलं तरी चाचणी तीच करता येते. नमुन्याचा एक कागद निम्मा काळ्या कार्डवर आणि निम्मा त्याच कागदाच्या गठ्ठ्यावर ठेवा. दोन भागांत फरक ठळक दिसला तर मागची छपाई पुढे दिसणार. फक्त जीएसएम बघून ठरवू नका. सारख्या वजनाच्या दोन कागदांचं झाकणं वेगळं असू शकतं. कागद बदलणं शक्य नसेल तर निदान मोठे काळे ठोकळे मजकुराच्या पाठीवर येणार नाहीत अशी पानं लावा.

६. वॉटरमार्क

थोडक्यात सांगण्यासारखं काम आहे, पण चुका ठरलेल्या. कोपऱ्यात ठेवलेला वॉटरमार्क दोन सेकंदांत कापला जातो. पांढरा वॉटरमार्क पांढऱ्या शालूवर गायब होतो, काळा केसांवर. उपाय फिलमध्ये आहे: नाव लिहा, बेव्हल अँड एम्बॉस द्या, फिल ० करा. अक्षरांना रंगच उरत नाही, फक्त उजेड-सावलीच्या कडा उरतात आणि त्या उजळ-गडद दोन्ही भागांत दिसतात. मग लेअरची ओपॅसिटी कमी करत ती खुपणार नाही इतपत आणा. जागा अशी निवडा की वॉटरमार्क काढायला गेलं तर चेहरा किंवा दागिना बिघडेल.

तपासणी: एकाच सेटिंगने शंभर फोटोंवर वॉटरमार्क टाकण्याआधी सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद असे दोन फोटो करून बघा.

७. सेव्ह करणं आणि पाठवणं

जेपीजीमध्ये पारदर्शकता साठवली जात नाही. मागे काही नव्हतं तिथे रंग भरला जातो, बहुधा पांढरा, आणि लोगोभोवतीचा चौकोन इथेच जन्माला येतो. पीएनजीमध्ये पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या टिकतात, त्यामुळे मऊ सावलीही नीट राहते. जीआयएफमध्ये पिक्सेल पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही, म्हणून सावलीच्या कडा करवतीसारख्या येतात. कॅनव्हामधून पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी काढायला पैसे भरून घेतलेली आवृत्ती लागते.

पीएनजी बरोबर काढूनही लोक व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवतात आणि तिकडे पारदर्शक जागा भरून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चौकटींचा करडा-पांढरा नकाशा मागे दिसतोय म्हणून फाइल पारदर्शक आहे असंही समजू नका. नेटवरून उतरवलेल्या कित्येक ‘पीएनजी’मध्ये तो नकाशा चित्राचाच भाग असतो. फाइल लाल रंगाच्या लेअरवर टाकून बघा, लगेच कळतं.

वेबपानं बनवणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. डब्याला ओपॅसिटी दिली की त्यातला मजकूरही फिकट होतो, आणि मजकुराला वेगळे १०० देऊन तो परत येत नाही. फक्त पार्श्वभूमीच्या रंगाला अल्फा (त्या रंगापुरती पारदर्शकता) द्या. आणि ओपॅसिटी ० केलेलं बटण दिसत नसलं तरी जागा अडवतं आणि त्यावर क्लिकही होतं.

८. माहिती लपवायची असेल तर ओपॅसिटीच्या भरवशावर राहू नका

हॉटेलला, सोसायटीला, भाड्याच्या गाडीवाल्याला आधारची प्रत पाठवताना लोक फोनमधल्या हायलायटरने क्रमांकावर काळं फासतात. हायलायटरची शाई मुळात अर्धपारदर्शक असते. डोळ्याला काळं दिसतं, पण आकडे खाली असतात. समजा, तुमचं काळं ९० टक्के झाकतं. पांढऱ्या कागदाची उजेडाची पातळी २५५ वरून २५ च्या आसपास येते, काळ्या आकड्यांची ० राहते. २५ आणि ० यांतला फरक डोळ्याला कळत नाही, पण फोटो एडिटरमध्ये ब्राइटनेस आणि शॅडो वर ओढले की आकडे उठून दिसतात. परत परत घासल्याने फरक कमी होतो, पण तिसऱ्या टप्प्यातला हिशोब आठवा: थरावर थर चढवून १०० होत नाही.

क्रम असा ठेवा:

एक: शक्य असेल तर मास्क्ड आधार उतरवून घ्या. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ती सोय आहे. त्यात पहिले आठ अंक मुळातच छापलेले नसतात, फक्त शेवटचे चार दिसतात. झाकण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन: ते शक्य नसेल तर प्रत काढून त्या प्रतीवर काम करा. पेन किंवा हायलायटर नको, भरलेला चौकोन घ्या. रंग काळा, ओपॅसिटी १००, ट्रान्स्परन्सी असेल तर ०. चौकोन आकड्यांपेक्षा थोडा मोठा ठेवा. क्यूआर कोडही झाका, त्यातही माहिती असते.

तीन: नवीन जेपीजी म्हणून सेव्ह करा. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवून पाठवू नका. चौकोन वेगळी वस्तू म्हणून राहतो, तो सरकवता येतो आणि खालचा मजकूर निवडून कॉपीही करता येतो. पानाचं चित्र करा आणि हवं तर त्या चित्राची पुन्हा पीडीएफ करा. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला फोटोही तसाच: कापलेला भाग फाइलमध्ये राहू शकतो.

चार: पाठवण्याआधी तीच फाइल फोनच्या एडिटरमध्ये उघडून ब्राइटनेस, एक्स्पोजर आणि शॅडो शेवटपर्यंत वर न्या. काळ्या चौकोनात अंकांचे आकार दिसले, अगदी अंधूकही, तर ती प्रत टाकून द्या आणि दुसऱ्या पायरीपासून परत करा. हायलायटर मारलेली प्रत आधीच कुणाला गेली असेल तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून बघा, पण समोरच्याने ती उतरवून घेतली असेल तर ती त्याच्याकडे राहणारच. मग त्यांना ती काढून टाकायला सांगा आणि तिच्या जागी मास्क्ड प्रत पाठवा.